रस्ता त्याच्या ओळखीचा

कोलंबो ते कँडी हे अंतर सुमारे ११५ किलोमीटर आहे. पुण्या-मुंबईचा माणूस हा आकडा वाचतो आणि मनातल्या मनात दोन तासांचा हिशेब करून मोकळा होतो. प्रत्यक्षात सकाळी लवकर निघालात तर तीन तास लागतात, एरवी साडेतीन ते चार. रस्ता चांगला आहे, पण तो गावागावांतून जातो. वाटेत केगल्लचा बाजार लागतो, शाळा सुटल्यावर पांढऱ्या गणवेशातल्या मुलांच्या रांगा लागतात, एकमेकींशी शर्यत लावलेल्या खासगी बस लागतात आणि शेवटी कडुगन्नावाचा घाट. या घाटात जुना रस्ता एका खडकाच्या पोटातून आरपार काढलेला आहे. १८२० च्या दशकात ब्रिटिशांनी तो बांधला. त्या कामावरच्या कॅप्टन डॉसनच्या स्मरणार्थ उभारलेला उंच मनोरा घाटमाथ्यावर आजही दिसतो. डोंगराला भोक पडेल तेव्हाच कँडी परक्यांच्या हाती टिकेल, अशी जुनी समजूत होती, ही गोष्ट कँडीच्या वाटेवरचा चालक हमखास सांगतो. नकाशावर बोटभर दिसणाऱ्या या अंतरात इतकं सगळं भरलेलं आहे.

श्रीलंकेचं क्षेत्रफळ जेमतेम ६५,६१० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे आपली माणसं सहा दिवसांत अख्खा देश बसवायला जातात. टूर कंपनीची बसही तेच करते: पहाटे सामान बाहेर, दुपारी अमुक, संध्याकाळी तमुक. ज्यांना एवढी धावपळ नको आणि एसटीसारख्या लाल बसमधून उभ्याने जाण्याची ताकद किंवा वेळही नाही, त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे: चालकासह गाडी भाड्याने घ्यायची आणि आपला कार्यक्रम आपण ठरवायचा. हे पुस्तक त्या मधल्या मार्गाविषयी आहे. देवळं, स्तूप, किल्ले, समुद्रकिनारे यांची माहिती पुढच्या प्रकरणांत येईलच. प्रस्तावनेत मला बोलायचं आहे ते स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाबद्दल. कारण अनोळखी देशात आठ-दहा दिवस आपण ज्याच्याशी सर्वांत जास्त बोलतो, ज्याच्या डोळ्यांनी रस्ता पाहतो आणि ज्याच्या हातात आपला जीव असतो, त्याच्याबद्दल प्रवासाच्या पुस्तकांत दोन ओळींपलीकडे काही सापडत नाही. त्याच्याशी केलेला व्यवहार सरळ असेल तर देश आपल्याशी सरळ वागतो, असं माझं ठाम मत आहे.

स्वतः गाडी का चालवू नये, असं तरुण मंडळी विचारतात. तिथे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, कायदेशीर परवानाही मिळवता येतो. तरीही मी नको म्हणेन. दक्षिणेचा एक्स्प्रेसवे २०११ मध्ये गॉलपर्यंत सुरू झाला, पुढे तो मातर आणि हंबनतोटापर्यंत गेला, विमानतळाचा रस्ता २०१३ पासून आहे. या रस्त्यांवर ताशी १०० ची मर्यादा आहे आणि चालवायला सुख आहे. पण आपल्याला पाहायचं असतं ते बहुतेक सगळं या रस्त्यांपासून दूर. नुवर एळियाची वळणं धुक्यात घेणं, हबरणच्या आसपास संधिप्रकाशात रस्त्यावर आलेला हत्ती ओळखणं, हे सवयीचं काम आहे. बुत्तल ते कतरगाम या रस्त्यावर तर हत्ती खाण्याच्या आशेने गाड्यांच्या आडवे येतात. जाणता चालक तिथे अंधार पडल्यावर गाडी घालत नाही, आणि आपण आग्रह केला तरी ऐकत नाही. त्याने ऐकू नये.

आता चालक म्हणजे नेमका कोण? श्रीलंकेत पर्यटन विकास प्राधिकरण गाईडना परवाने देतं आणि त्यांत एक वर्ग शोफर गाईडचा आहे. हा माणूस गाडीही चालवतो आणि देशाची माहितीही देतो. त्याने त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि गळ्यात ओळखपत्र असतं. दुसरा असतो साधा चालक. तो इतिहास सांगायला बांधील नाही, इंग्रजीही कामापुरतं, पण रस्ते, खानावळी आणि पंक्चर काढणारा कुठे बसतो हे त्याला पाठ. दोघांचे दर वेगळे असतात. अनेक पर्यटक साध्या चालकाचे पैसे देतात आणि शोफर गाईडची अपेक्षा ठेवतात. मग पोलोन्नरुवच्या गल विहारात, त्या आडव्या बुद्धमूर्तीसमोर, "याला काहीच सांगता येत नाही" अशी कुरकुर सुरू होते. त्याला सांगता येत नसेल तर दारावरचा परवानाधारक स्थानिक गाईड घ्यावा. तीन-चार मोठ्या स्थळांसाठी तसा गाईड आणि बाकी प्रवासाला साधा चालक, ही जोडणी मला स्वतःला सर्वांत आवडते.

गाडीचा दर ठरवताना काय काय धरलेलं आहे हे एकदा बसून विचारून घ्यावं. बहुतेक ठिकाणी दिवसाचा ठरावीक दर असतो, त्यात साधारण १०० किलोमीटर धरलेले असतात, वर किलोमीटरमागे वेगळे पैसे. इंधन कोणाचं, एक्स्प्रेसवेचा टोल कोणाचा, पार्किंग कोणाचं, हे बोलून घ्यावं. एकमार्गी प्रवास असेल, म्हणजे जाफन्याला सोडून तिथून विमान पकडायचं असेल, तर रिकामी गाडी कोलंबोला परत आणण्याचे पैसे आपल्यालाच द्यावे लागतात, आणि ते रास्तच आहे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चालकाचं जेवण आणि झोपणं. मोठ्या हॉटेलांत चालकांसाठी वेगळी खोली आणि रात्रीचं जेवण असतं. खोली कसली, बऱ्याचदा आठ-दहा खाटांची ओवरी, पंखा एकच. एल्लच्या किंवा गॉलच्या किल्ल्यातल्या लहान गेस्ट हाऊसमध्ये तेवढीही सोय नसते. तिथे चालकाच्या मुक्कामाचे पैसे वेगळे द्यायचे ठरलं नसेल तर तो काय करतो? पुढची सीट मागे पाडतो आणि गाडीतच झोपतो. सकाळी तोच माणूस तुम्हाला घाटातून खाली आणणार असतो. त्याची झोप झाली आहे का, हा प्रश्न माणुसकीचा आहे आणि सुरक्षिततेचाही. बुकिंग करताना हॉटेलला एक ओळ लिहून चालकाची सोय विचारावी, नसेल तर गावात त्याच्यासाठी साधी खोली धरावी. एकूण खर्चात हा आकडा फार किरकोळ असतो.

आणि मग मसाल्याच्या बागा. मातले आणि मावनेल्लच्या भागात रस्त्याच्या दुतर्फा या बागा आहेत. आत गेलं की कुणीतरी वेलदोडा, मिरी, दालचिनी दाखवत फिरवतो, खांद्यांना तेल चोळून देतो आणि शेवटी दुकानात आणून उभं करतो. दालचिनीचं झाड पाहण्यासारखं असतंच, खरी सिलोन दालचिनी इथलीच. पण बाटलीची किंमत बाहेरच्या कित्येक पट असते आणि तिच्यातला मोठा वाटा चालकाच्या हाती जातो. रत्नांची दुकानं, बाटिकची दुकानं, लाकडी मुखवट्यांचे कारखाने, सगळीकडे हीच पद्धत. आपले लोक या कमिशनवर संतापतात, "फसवलं" म्हणतात. मला या रागाचं मूळ समजतं, पण तो चुकीच्या माणसावर निघतो असं वाटतं. ज्या प्रवाशाने दिवसाचा दर घासाघीस करून तळाला नेला आहे, त्याच्या सहलीत चालकाचं घर त्या दुकानांवर चालतं. दर नीट द्यावा आणि पहिल्याच दिवशी, हसून पण स्पष्ट, सांगावं: आम्हाला दुकानं नकोत, वेळ द्यायचा तर देवळात आणि चहाच्या टपरीवर देऊ. शंभरातले नव्वद चालक हे ऐकून सुटकेचा श्वास टाकतात, कारण दुकानात नेणं त्यांनाही मनापासून आवडत नाही.

या माणसांवर गेल्या काही वर्षांत काय गुजरलं आहे, हे माहीत असलेलं बरं. २०१८ मध्ये श्रीलंकेत २३ लाखांहून अधिक पर्यटक आले. त्या भरात अनेकांनी लीझिंगवर गाड्या घेतल्या, कुणी प्रियस, कुणी ज्यांना तिथे सरसकट केडीएच म्हणतात त्या टोयोटाच्या व्हॅन. २१ एप्रिल २०१९ ला, ईस्टरच्या रविवारी, चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले. हॉटेलं रिकामी झाली. पुढच्या वर्षी कोविड. २०२१ मध्ये आलेले पर्यटक दोन लाखही भरले नाहीत. २०२२ मध्ये परकीय गंगाजळी आटली, पेट्रोल पंपांसमोर दिवस दिवस रांगा लागल्या, इंधन क्यूआर कोडवर मोजून मिळू लागलं. गाडीचा हप्ता मात्र थांबत नव्हता. त्यातच २०२० पासून वाहनांच्या आयातीवर बंदी होती, ती २०२५ मध्ये उठली. मधल्या काळात जुन्या गाडीची किंमत नव्या गाडीसारखी झाली. त्यामुळे तुमच्यासमोर दहा-बारा वर्षांची गाडी येऊन उभी राहिली तर नाक मुरडू नये. टायर, ब्रेक, एसी आणि मागच्या सीटचे पट्टे तपासावेत. सीट कव्हर धुतलेलं आणि डॅशबोर्ड पुसलेला असेल तर तिचा मालक तिला जपतो आहे. २०२४ मध्ये पर्यटकांचा आकडा पुन्हा २० लाखांच्या वर गेला, त्यांत सर्वाधिक भारतीय होते. म्हणजे आपण कसे वागतो यावर आज तिथल्या हजारो घरांचं बरंवाईट ठरतं.

चालक सोबत असण्याचा खरा अर्थ मला डंबुल्लच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका खानावळीत कळला. आम्ही शाकाहारी. श्रीलंकेत भाजी म्हणून जे समोर येतं त्यात सुक्या माशाचा चुरा, उंबलकड, पडलेला असण्याची शक्यता दाट, अगदी नारळाच्या चटणीतही. आमचा चालक सरळ आत गेला. चुलीजवळ मातीची भांडी ओळीने मांडलेली. त्याने एकेक झाकण उचललं, वास घेतला, वाढणाऱ्या बाईंशी हळू आवाजात काही बोलला आणि मग आम्हाला बोलावून बोटाने दाखवलं: हे घ्या, हेही घ्या, याला हात लावू नका. डाळ होती, कोवळ्या फणसाची गडद, दाट रश्शातली भाजी होती, ब्राह्मीसारख्या गोटुकोळच्या पानांची खोबरं घातलेली कोशिंबीर होती. ताटभर भात. फणसाची ती भाजी कोकणातल्या कुठल्याही घरात कौतुकाने खाल्ली गेली असती. तो स्वतः आमच्याच टेबलाशी बसला, कारण आम्ही आधीच तसं सांगितलं होतं. सांगितलं नसतं तर तो मागच्या बाजूला, इतर चालकांबरोबर जेवला असता. कधीकधी त्याला तेच हवं असतं, गाडी चालवून आलेल्या माणसाला आपल्या भाषेत चार गप्पा मारायच्या असतात, तेव्हा आग्रह करू नये. विचारावं एवढंच.

त्याला काय म्हणायचं, हाही विचार करण्यासारखा आहे. सिंहली चालक वयाने मोठा असेल तर "अय्या", लहान असेल तर "मल्ली", उत्तरेकडचा तमिळ असेल तर "अण्णा". "ए ड्रायव्हर" ही हाक आपल्याकडे सर्रास ऐकू येते, ती विमानतळावरच सोडावी.

गाडी असल्यामुळे थांबता येतं, आणि थांबण्याच्या जागा चालकाच्या असतात. कोलंबोहून दक्षिणेला जुन्या रस्त्याने निघालात तर कळुतरच्या पुलाजवळ बोधिवृक्ष आहे. तिथे बस, ट्रक, मोटारी, सगळे वेग कमी करतात, कुणीतरी उतरून दानपेटीत नाणी टाकतो, हात जोडतो आणि मग पुढे. उत्तरेत ए-९ रस्त्यावर मुरुगंडीला गणपतीचं छोटं देऊळ आहे. तिथे नारळ फोडल्याशिवाय जाफन्याच्या वाटेवरची गाडी सहसा पुढे जात नाही, चालक कुठल्याही धर्माचा असो. आपल्या घाटांतून नारळ फोडून जाणाऱ्यांना यात परकं काही वाटणार नाही. अशा जागी घड्याळ पाहू नये.

त्याच ए-९ बद्दल थोडं गंभीरपणे. कँडीला जाफन्याशी जोडणारा हा सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता यादवी युद्धात वर्षानुवर्षं बंद होता. २००२ च्या शस्त्रसंधीनंतर उघडला, २००६ मध्ये पुन्हा बंद झाला आणि २००९ मध्ये युद्ध संपल्यावर वाहता झाला. एलिफंट पासची अरुंद भूपट्टी, १९८१ मध्ये जाळलं गेलेलं आणि पुन्हा उभारलेलं जाफन्याचं ग्रंथालय, हे सगळं वाटेत येतं. सिंहली चालक इथे थोडा गप्प होतो. त्याला तमिळ येत नसते, त्याचा भाऊ किंवा शाळासोबती कदाचित सैन्यात होता. तमिळ चालक असेल तर त्याच्या घरातलंही कुणी गेलेलं असू शकतं. "तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूने होता?" असं विचारणारे प्रवासी मी पाहिले आहेत. असं विचारू नये. त्याला सांगायचं असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, लांबच्या सरळ रस्त्यावर, तो आपणहून सांगतो. तेव्हा ऐकावं आणि मत देऊ नये. शक्य असेल तर उत्तरेसाठी जाफन्याचाच चालक वेगळा घ्यावा. तो तिथल्या गल्ल्या, वेळा आणि माणसं जाणतो, आणि आपल्या भागात पाहुणे फिरवताना खुलतो.

मराठी आणि कोकणी वाचकाला या देशात अनोळखी वाटू नये अशा दोन-तीन गाठी आधीपासून बांधलेल्या आहेत. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल अवदानाची कथा रंगवलेली आहे, लंकेवर उतरणारं सैन्य, हत्ती, होड्या. सिगिरियाच्या खडकावरची चित्रंही साधारण त्याच काळातली, पाचव्या शतकातली, राजा कश्यपाच्या वेळची. अजिंठा पाहिलेल्या माणसाने ती पाहावीत, आणि सिगिरिया पाहून आलेल्याने अजिंठ्याला पुन्हा जावं. कँडीच्या दळदा मंदिरात बुद्धाचा दात पूजला जातो. पोर्तुगीजांनी १५६० मध्ये जाफना जिंकून तिथला एक पवित्र दात गोव्यात आणला, ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजाने त्यासाठी देऊ केलेली मोठी रक्कम धर्मगुरूंच्या आग्रहाखातर नाकारली आणि दात कुटून जाळून नष्ट केला. खरा दात तो नव्हताच, आमचा सुरक्षित राहिला, अशी सिंहली लोकांची श्रद्धा आहे. आणि त्याच गोव्यातल्या बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ १६८७ मध्ये भिकाऱ्याच्या वेषात जाफन्याला उतरले. डच अमलात लपतछपत त्यांनी कॅथलिकांना आधार दिला, हेरगिरीच्या संशयावरून कँडीत कैद भोगली आणि १७११ मध्ये तिथेच देह ठेवला. २०१५ मध्ये कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. गोव्याहून आलो म्हटलं की कॅथलिक चालक, विशेषतः नेगोंबोकडचा, हे नाव लगेच काढतो. बौद्ध चालक आपल्याशी रावणाबद्दल बोलतो, विद्वान, वैद्य, मोठा राजा म्हणून. सीता एळियाच्या मंदिरात आपण हात जोडत असताना तोही शेजारी उभा असतो. दोन्ही गोष्टी एकाच गाडीत शांतपणे नांदू शकतात.

कधी जावं, हे दोन पावसांवर ठरतं. नैऋत्य मोसमी पाऊस साधारण मे ते सप्टेंबर पश्चिमेला आणि दक्षिणेला झोडपतो, तेव्हा त्रिंकोमाली आणि पूर्व किनारा कोरडा असतो. डिसेंबर ते मार्च उलट. एप्रिलच्या मध्यात सिंहली-तमिळ नववर्ष येतं. तेव्हा चालक घरी जातात आणि जायलाच हवेत, त्या आठवड्यात गाडी मागू नये. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सरकारी सुट्टी असते, दारू मिळत नाही, देवळं माणसांनी पांढरी होतात. वेसाकच्या पौर्णिमेला रस्त्यात मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. तुमचा चालक तिथे गाडी बाजूला घेईल. उतरून पंगतीत बसावं.

एक सूचना आवर्जून. कँडी ते एल्ल हा टप्पा रेल्वेने करावा. चहाच्या मळ्यांतून जाणारी ती गाडी सोडू नये. चालक सामान घेऊन रस्त्याने पुढे जातो आणि एल्लच्या स्टेशनाबाहेर उभा असतो. त्यालाही दिवसभर एकट्याने, आपल्या आवडीची गाणी लावून, गाडी चालवायला मिळते. या एका गोष्टीतून दोघांची मैत्री पक्की होते, असा माझा अनुभव आहे.

पुढची प्रकरणं प्रदेशवार लावली आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला रस्त्याचे तास दिले आहेत, किलोमीटर नंतर. मुक्कामाच्या गावांपुढे चालकाच्या राहण्याची सोय कशी असते तेही नोंदवलं आहे. दिवसाला चार तासांहून अधिक गाडीत बसावं लागणार नाही अशीच आखणी केली आहे, त्यामुळे यादीतली काही प्रसिद्ध नावं गळाली आहेत. दक्षिणेतल्या याल अभयारण्याला मी एक पान दिलं आहे आणि अनुराधपुराला अख्खं प्रकरण, हा माझा कल आहे, वाचकाने तो बदलून घ्यावा. सुरुवात कोलंबोपासून केलेली नाही. विमानतळ कटुनायकेला आहे आणि नेगोंबो तिथून अगदी जवळ. विमान बहुधा अवेळी उतरतं. तेव्हा पहिली रात्र नेगोंबोला झोपून काढावी, चालकाला सकाळी नाश्त्याला बोलवावं, नकाशा टेबलावर पसरावा आणि त्याला विचारावं की यातलं काय गाळावं. तो काय गाळतो ते पाहावं आणि मगच गाडीत सामान चढवावं.